दागिन्याचा खडा आणि खलातील खडा

रसशास्त्रात रत्नवर्गाला मानाचे स्थान आहे. परंतु आपल्या औषधशाळांतून रत्नांची परीक्षा मात्र त्या मानाने होत नाही. गुळवेल घेताना आपण कांडाचा छेद पाहतो, हिंग घेताना वास घेतो, मध घेताना शंका घेतो. माणिक, पुष्कराज, अकीक यांच्या बाबतीत मात्र विक्रेत्याने सांगितलेले नाव हेच प्रमाण मानून तो खडा गुलाबजलासह खलात टाकतो. ही सवय आता बदलली पाहिजे, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खड्यांचा बाजार आमूलाग्र बदलला आहे आणि त्या बदलाची झळ थेट रुग्णाच्या पोटापर्यंत पोहोचू शकते. त्याविषयी वैद्यबंधू-भगिनी आणि औषधशाळाचालक यांच्यापुढे काही विचार मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. नवीन जालन्याच्या बाजारपेठेत खडे, माळा आणि कोरीव दगडी वस्तू विकणारे एखादे लहान दुकान डोळ्यांपुढे आणावे. काचेच्या पेटीत राशीचे खडे, बाजूला स्फटिकाचे श्रीयंत्र, हिरव्या दगडातील गणपती, अकीकाच्या माळा, संगजिऱ्याचे हत्ती-कासव आणि फळीवर घडीव खलबत्ते. शिवाय आपल्याच भूमीची देणगी असलेले पांढरे, गुलाबी, पारदर्शक स्फटिकगुच्छ. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे हे नमुने मराठवाड्यातील दगडखाणींत व विहिरींच्या खोदकामात सापडतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला ते पर्यटकांना विकले जातात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे वैभव पाहावयास मिळते. असे दुकान चालविणारा मनुष्य बहुधा प्रामाणिकच असतो. तो शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकतो. दोष त्याचा नाही. शोभेसाठी घडविलेली वस्तू औषधाचे द्रव्य म्हणून आपण उचलतो, येथे खरा घोटाळा आहे.

प्रथम माणिकाचे उदाहरण घेऊ. ‘रसरत्नसमुच्चया’ने माणिक्याचे जे आठ दोष सांगितले आहेत त्यांत पहिलाच दोष रंध्राचा, म्हणजे छिद्रयुक्ततेचा आहे. अशा माणिकास पूर्वी बाजारात भाव नसे. २००४ च्या सुमारास एक नवी प्रक्रिया व्यापारात पसरली. भेगांनी भरलेले, अपारदर्शक, हलक्या प्रतीचे माणिक तापवून त्याच्या भेगांत शिशाचे प्रमाण भरपूर असलेली काच वितळवून भरावयाची. शिशामुळे त्या काचेचा प्रकाश वाकविण्याचा गुण माणिकाच्या जवळ जातो आणि भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. शास्त्रकारांनी जे त्याज्य ठरविले तेच आज झाकून, चमकवून, परवडणाऱ्या किमतीत मिळते. अंगठीत बसविण्यास त्याला कोणी हरकत घेणार नाही. परंतु त्याची पिष्टी केली तर भेगांतील शिसे पिष्टीत उतरते. वनस्पतिज औषधांसाठी आपल्याकडे शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी धरली जाते. काच भरलेल्या माणिकात शिसे त्या हिशेबात बसणारे नसते. ते शेकड्याच्या भाषेत मोजावे लागते.

यावर एक उत्तर ठरलेले आहे : शोधनाने सर्व दोष जातात. या उत्तराचा आदर राखून त्याची तपासणी केली पाहिजे. माणिक्याचे शोधन अम्ल द्रवात, सामान्यतः निंबूरसात दोलायंत्राने स्वेदन करून होते. शिसेयुक्त काचेवर लिंबाचा रस परिणाम करतो, हे जवाहिऱ्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणूनच असे खडे आंबट पदार्थांपासून जपावेत असे ग्राहकांना सांगितले जाते. याचा अर्थ असा की स्वेदनात पृष्ठभागाजवळची काच विरघळेल आणि शिसे निंबूरसात येईल. पण आतील भेगांतली काच जशीच्या तशी राहील. पुढे मर्दनाने ती सूक्ष्म होईल आणि रुग्णाच्या जठरातील अम्लाला मोकळी सापडेल. ग्रंथकारांनी सांगितलेले शोधन हे माणिक्याचे शोधन आहे, शिशाच्या काचेचे नव्हे. ग्राह्य द्रव्य निवडणे ही पहिली पायरी. ती चुकल्यावर शोधनाकडून चमत्काराची अपेक्षा करणे हा ग्रंथाचाच अवमान होय.

शिशाचा उल्लेख निघाला म्हणून एक आठवण देणे आवश्यक वाटते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले आणि त्या १४ पैकी १३ मध्ये शिसे होते. त्या अभ्यासावर आपल्या बाजूने आक्षेपही घेतले गेले. परंतु पारा व सोमल यांचे ग्रंथोक्त कल्प आहेत असे सांगून आपण वाद तरी घालू शकतो. माणिक्य पिष्टीत शिसे का, या प्रश्नाला आपल्यापाशी कोणतेही शास्त्रीय उत्तर नाही.

माणिक हे केवळ एक उदाहरण झाले. अकीकाचे घ्या. खंबायतचे कारागीर भरूच जिल्ह्यातील रतनपूरकडचा कच्चा अकीक तापवून लाल करीत आले आहेत; त्यात दगडातीलच लोहाचा रंग खुलतो, म्हणून तो दोष मानण्याचे कारण नाही. परंतु अकीक सच्छिद्र असल्यामुळे तो रंगविताही येतो. साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात टाकल्यास काळा होतो, क्रोमियमच्या संयुगांनी हिरवा होतो, लोह-सायनाइड संयुगांनी निळा होतो. ही विद्या जर्मनीतील ईडार-ओबरस्टाइन येथे एकोणिसाव्या शतकात वाढीस लागली आणि आज सर्वत्र रूढ आहे. गडद हिरव्या, झगझगीत निळ्या अकीकाची माळ सुंदर दिसते. तिच्या तुटक्या मण्यांची अकीक पिष्टी मात्र होऊ नये.

पन्न्याच्या भेगांत तेल किंवा राळ भरतात. पेरोजकाच्या नावाखाली राळेने घट्ट केलेला भुसा अथवा रंगविलेला होलाइट नावाचा पांढरा दगड मिळतो. पुष्कराज म्हणून बाजारात पिवळा नीलम मिळतो, स्वस्तात सुनेला म्हणजे पिवळी गारगोटी मिळते आणि ज्यास खनिजशास्त्र टोपाझ म्हणते तो दगड निराळाच असतो. तिघांचे घटक वेगळे. समुद्रातील संवर्धित मोत्याच्या पोटी बहुधा शिंपल्याचा घडविलेला मणी असून मोत्याचा थर वरवरचा असतो. त्याची पिष्टी म्हणजे मुक्तेच्या भावाने घेतलेली बहुतांशी शुक्तीच. आणि ज्याचा आपल्या भागाशी विशेष संबंध आहे ते उदाहरण स्फटिकाचे. पारदर्शक अपोफिलाइटचा टोकदार खडा स्फटिकासारखा दिसतो, परंतु तो स्फटिक नव्हे. स्फटिकाची कठिनता मोहस् मापक्रमावर ७ असल्याने तो काचेवर ओरखडा काढतो. अपोफिलाइटची ५ च्या आत असल्याने तो काढीत नाही. एवढी परीक्षा कोणीही दुकानातच करू शकतो.

कोरीव वस्तूंबाबत दोन इशारे द्यावेसे वाटतात. पहिला जहरमोहऱ्याचा. ज्या हिरवट, तेलकट झाकीच्या दगडाच्या मूर्ती व वाट्या कोरल्या जातात तो पुष्कळदा सर्पेंटाइन असतो आणि जहरमोहरा म्हणून ओळखला जाणारा दगडही त्याच कुळातला. त्याच कुळातील तंतुमय प्रकार म्हणजे क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉस. ज्या तुकड्यात रेशमासारख्या तंतूंची शिरा दिसेल तो तुकडा औषधशाळेच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मूर्ती कोरून उरलेल्या ढलप्या तर मुळीच नकोत.

दुसरा इशारा खलाचा. शोभेच्या दुकानातील घडीव खल दिसावयास देखणे असतात. पण संगमरवराची कठिनता सुमारे ३, संगजिऱ्याची त्याहूनही कमी. असा खल निंबूरसाने फेसाळतो किंवा मर्दनाने झिजतो. अकीकाचा खल उत्तम खरा, परंतु त्याची कठिनता ७ आणि माणिकाची ९. माणिक्य अकीकाच्या खलात दिवसेंदिवस घोटले तर झिजतो तो खल, आणि पिष्टीचे वजन वाढते ते खलाच्या भुकटीने. मर्दनापूर्वी व मर्दनानंतर खल आणि द्रव्य या दोहोंचे वजन घेऊन वहीत नोंदविले, तर ही वाढ कागदावर दिसू लागेल.

खल घोटणाऱ्याच्या छातीचाही विचार व्हावा. खंबायतला अकीक घासणाऱ्या कामगारांत सिकतेच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसविकार वर्षानुवर्षे आढळत आला आहे. आपल्या औषधशाळेत गारगोटीच्या जातीचे दगड कोरडे कुटले जात असतील तर तीच धूळ आपल्या कामगाराच्या नाकात जाते. कुटणे ओल्या फडक्याखाली वा द्रवासह व्हावे. यास खर्च नाही, केवळ शिस्त लागते.

आता अंगठीविषयी. रत्नधारणाचा उल्लेख आपल्या ग्रंथांत आहे आणि श्रद्धेने खडा घालणाऱ्याला कोणी अडवू नये. परंतु चिकित्सालयाच्या भिंतीवर ‘मधुमेहावर अमुक खडा, रक्तदाबावर तमुक माळ’ असा फलक लागतो तेव्हा तो श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ताईत, मंत्र, कवच व तत्सम वस्तूंनी रोगनिवारणाची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, खड्यावर विसंबून रुग्णाने औषध बंद केले तर त्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्या वैद्यावर येते. दुकानदाराने खडा विकावा, ज्योतिषाने सुचवावा; वैद्याने मात्र आपली लेखणी त्यासाठी वापरू नये.

लहान औषधशाळांना हे सारे परवडणार कसे, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्या जालन्यानेच देऊन ठेवले आहे. १९६४ साली येथे महिको बियाणे कंपनी सुरू झाली आणि हे गाव बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणशक्ती व शुद्धता यांचे लेबल आवश्यक ठरले. लेबल नसलेली पिशवी आपला शेतकरी हाती धरत नाही. येथील पोलाद कारखान्यांत सळईचा दर्जा तपासल्याविना माल उचलला जात नाही. जे गाव बियाणे आणि सळई यांच्या बाबतीत इतके चोखंदळ आहे, त्या गावच्या औषधशाळेने पोटात जाणारा दगड केवळ नावावर घ्यावा, हे शोभत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा. औषधासाठी पैलू पाडलेला, चकाकी दिलेला खडा घेऊच नये; कच्चा, प्रक्रियारहित दगड घ्यावा. त्याच्या बिलावर खनिजाचे नाव आणि ‘रंगविलेला नाही, भरलेला नाही’ असे शब्द लिहून मागावेत. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये. प्रत्येक औषधशाळेत दहापट मोठे दाखविणारे भिंग असावे : काच भरलेल्या माणिकात चपटे बुडबुडे आणि खडा तिरपा करताच निळसर झळक दिसते, रंगविलेल्या दगडात रंग भेगांशी साचलेला दिसतो. विशिष्ट गुरुत्वाची परीक्षा साध्या तराजूने होते. हवेत १२ ग्रॅम भरणारे माणिक पाण्यात टांगल्यावर सुमारे ९ ग्रॅम भरले पाहिजे; साडेसात भरले तर ती गारगोटीच. मात्र शिशाची काच स्वतःच जड असल्याने भरलेले माणिक या परीक्षेतून निसटते. तेथे भिंग आणि प्रयोगशाळा हाच आधार. आणि प्रयोगशाळेचा खर्च एकट्याने न करता जिल्ह्यातील औषधशाळांनी रत्नद्रव्यांची खरेदी एकत्र करून प्रत्येक खेपेची शिसे व क्रोमियमसाठी एकदाच तपासणी करून घ्यावी. संघटनेने यात पुढाकार घेतल्यास तो खर्च वाटून जाईल आणि अहवाल सर्वांच्या दप्तरी राहील.

हे जमत नसेल तर त्या औषधशाळेने माणिक्य पिष्टी करू नये; तिच्यावाचून अडलेली चिकित्सा क्वचितच असते. रत्नपरीक्षा हा रसशास्त्राचा भाग आहे, परिशिष्ट नव्हे. शास्त्रकारांनी ग्राह्य-अग्राह्य लक्षणे सांगताना जेवढी ओळ न् ओळ खर्च केली तेवढा वेळ आपण खडा घेताना खर्च करावा, म्हणजे त्यांचे नाव घेऊन औषध विकण्याचा अधिकार आपल्याकडे राहील.