सरहद्दीपलीकडचा कैवारी

तारीख 5 फेब्रुवारी 2023 रोजीं नांदेड येथें तेलंगणाचे त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. के. चंद्रशेखर राव यांची जाहीर सभा झाली. आपल्या पक्षाच्या नांवांतील 'तेलंगण' काढून तेथें 'भारत' घालून त्यांस थोडेच महिने झाले होते, आणि तेलंगणाबाहेर पहिलें पाऊल टाकावयास त्यांनीं आमचाच जिल्हा निवडला. 26 मार्चला लोह्यास दुसरी सभा झाली. जून महिन्यांत शेंकडों मोटारींचा ताफा घेऊन ते पंढरपुरास गेले. 'अब की बार किसान सरकार' ही घोषणा त्या उन्हाळ्यांत मोंढ्यापासून पारापर्यंत ऐकूं येत होती.

आज ते गुलाबी झेंडे शोधूनहि सांपडत नाहींत. मग ही गेलेली गोष्ट आम्ही कां उकरून काढतों? कारण असें कीं, उद्यां दुसरा कोणी परका कैवारी येणार आणि आपले लोक पुन्हां ट्रॅक्टर भरून जाणार. जाण्यास आमची हरकत नाहीं. जाणाऱ्यांस अडाणी म्हणून हंसणारे जे शहाणे आहेत, त्यांच्याशीं मात्र आमचें भांडण आहे.

शेतकरी तेथें कां गेला? धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागांतील लोकांच्या लेकीबाळी पलीकडे दिलेल्या आहेत. निझामशाहींत हा सारा मुलूख एकच होता. नात्यागोत्यांत जाणें-येणें असल्यामुळें वर्तमानपत्र न वाचतांहि शेतकऱ्यास दिसत होतें कीं, 1 जानेवारी 2018 पासून पलीकडच्या मोटारीस चोवीस तास फुकट वीज मिळते, आणि त्याच सालापासून 'रयतु बंधु' म्हणून पेरणीच्या आधीं एकरीं रोकड रक्कम खात्यावर पडते. ती आधीं वर्षास आठ हजार होती, मग दहा हजार झाली. इकडे आमच्या अर्धापूर भागांत ईसापूरच्या कालव्यावर व विहिरींवर केळी आणि हळद उभी राहते. पण विजेची पाळी रात्रीची आली कीं बाप-लेक विंचू-काट्यांत कंदील घेऊन दारें धरावयास जातात, आणि घड तयार झाला कीं भाव ठरवितो तो बांधावर उभा राहिलेला व्यापारी. धर्माबादेकडच्या कित्येक गांवांनीं तर आम्हांस तेलंगणांत घाला अशी उघड मागणी केली होती. हें वेडेपणाचें लक्षण नव्हे. शेजारच्या घरीं चूल पेटलेली दिसली म्हणजे उपाशी माणूस तिकडे पाहतोच.

दुसरें कारण घरचें आहे. शंकरराव चव्हाण 1975 सालीं व पुन्हां 1986 सालीं मुख्यमंत्री झाले, त्यांचे चिरंजीव अशोकराव 2008 सालीं झाले, आणि 2024 सालीं आमच्या भोकर मतदारसंघांतून नात श्रीजया निवडून आल्या. शंकररावांनीं पाटबंधाऱ्यांचीं कामें केलीं, आमच्या केळीच्या मुळाशीं तें पाणी आहे, हें विसरण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं. परंतु फेब्रुवारी 2024 मध्यें अशोकराव काँग्रेस सोडून भाजपांत गेले तेव्हां रयतेस काय दिसलें? पाटी बदलली, वाडा तोच. पूर्वीं आम्ही भटजी-शेटजींच्या नांवानें बोटें मोडीत होतों. आतां कारखाना, बँक, बाजार समिति, शाळा, सारें आपल्याच जातभाईंच्या हातीं आहे, तरी दारांत ताटकळणें चुकलेलें नाहीं. अशा वेळीं ज्याचा आपल्या आडत्याशीं, गुत्तेदाराशीं संबंध नाहीं असा कोणी बाहेरून येऊन 'तुमच्या गोदावरीचें पाणी तुम्हांसच कां नाहीं' असें विचारतो, तेव्हां तें काळजास लागतें. 1980 सालीं चाकणच्या कांदा-आंदोलनांतून शरद जोशी पुढें आले, तेव्हां कुणब्याच्या पोरानें त्यांची जात विचारली नव्हती, गाऱ्हाणें ऐकणारा मिळाला एवढेंच पाहिलें होतें.

आतां पलीकडची बाजू. जो आमच्या वेशींत बंडखोर म्हणून उभा राहिला, तो आपल्या घरीं कोण होता? 2014 पासून मुख्यमंत्री. मुलगा मंत्री, भाचा मंत्री, मुलगी विधान परिषदेंत. म्हणजे ज्या वाड्याविरुद्ध आम्ही तक्रार करीत होतों, तसाच वाडा बांधून तो आला होता. ती मुलगी 2014 सालीं निझामाबादेहून लोकसभेवर गेली होती. 2019 सालीं तेथेंच हळदीच्या भावासाठीं सुमारें पावणेदोनशें शेतकरी स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले आणि ती पडली. आमच्या हळदवाल्यांनीं एवढी गोष्ट तरी विचारावयाची होती! नांदेडची सभा भरली त्याच्या अवघा एक महिना आधीं कामारेड्डीचे शेतकरी आपल्या जमिनी शहराच्या नव्या आराखड्यांत जातात म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्याच कामारेड्डींत नोव्हेंबर 2023 च्या निवडणुकींत खुद्द चंद्रशेखर राव पडले. गजवेलची दुसरी जागा त्यांनीं राखली, पण 119 पैकीं 39 जागा पक्षाच्या हातीं उरल्या व राज्य गेलें. पुढें 2024 च्या लोकसभेंत तेलंगणांत एकहि जागा आली नाहीं. राज्य गेल्याबरोबर इकडचें दुकानहि उठलें, आणि 2024 च्या ऑक्टोबरांत येथील मंडळी शरद पवारांच्या पक्षांत गेली.

त्या मंडळींत होते तरी कोण? कांहीं प्रामाणिक चळवळे होते, हें खरें. पण पुष्कळसे जुन्याच पक्षांचे माजी आमदार व तिकीट न मिळालेले लोक. घोडा नवा, स्वार जुने.

यांत आम्ही आपली चळवळ वगळीत नाहीं. 1873 सालीं सत्यशोधक समाज स्थापन झाला तोहि दाराबाहेरच्यांचाच होता. केशवराव जेधे 1930 च्या सुमारास काँग्रेसमध्यें गेले, 1948 सालीं शेतकरी कामगार पक्ष काढून बाहेर पडले, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां आंत गेले. कंधारचे केशवराव धोंडगे त्याच पक्षाचा लाल बावटा घेऊन अनेक वेळां विधानसभेवर व 1977 सालीं लोकसभेवर गेले. तें 1 जानेवारी 2023 रोजीं वारले, आणि तीन महिन्यांच्या आंत त्यांच्या शेजारच्या लोह्यांत गुलाबी झेंडे फडकले. ती जागा रिकामी होती म्हणूनच ना?

एक हिशेब सभेंत कोणीं मांडला नाहीं, तो चौथीच्या पोरास पाटीवर करतां येईल. एकरीं दहा हजार. ज्याचें रान पन्नास एकर, त्यास वर्षाचे पांच लाख. ज्याचें दोन एकर, त्यास वीस हजार. जो दुसऱ्याचें रान बटईनें किंवा ठोक्यानें करतो, नांगरतो, पेरतो आणि कर्ज काढतो, त्यास पूज्य. कारण रक्कम कागदावरच्या मालकास होती, कसणारास नव्हती, आणि वरची मर्यादाहि नव्हती. सालगड्याचें, आऊत भरणाऱ्या सुताराचें, फाळ शेवटणाऱ्या लोहाराचें नांव त्या यादींत नव्हतेंच. दलितांस कुटुंबीं दहा लाख देण्याची योजना निघाली ती 2021 सालीं, हुजुराबादच्या पोटनिवडणुकीच्या तोंडावर!

तरीहि त्या सभा फुकट गेल्या असें आम्ही म्हणणार नाहीं. नांदेडच्या सभेनंतर सुमारें महिन्याभरानें, मार्च 2023 च्या अंदाजपत्रकांत, महाराष्ट्र सरकारनें शेतकऱ्यास केंद्राच्या सहा हजारांवर आपले सहा हजार जाहीर केले. 2024 सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें वीजबिल माफ झालें. दोन्हींचें श्रेय एका सभेस देणें भाबडेपणा होईल. पण नांदेडची गर्दी मुंबईस दिसली नसेल असेंहि आम्हांस वाटत नाहीं. त्या सहा हजारांसाठीं तलाठ्याकडे सात-बारा लागतो. आमच्या गांवांत ज्यांच्या नांवें सात-बारा नाहीं असे बटईदार घरोघर आहेत. या यादींतहि त्यांचें नांव नाहीं.