आवाजाची परंपरा? स्नोमोबाइल, बदललेले सायलेन्सर आणि एक सोयीस्कर दंतकथा

१/ क्वेबेकपासून मिनेसोटापर्यंतच्या बर्फाळ पट्ट्यात दर हिवाळ्यात एक वाद पुन्हा पेटतो. स्नोमोबाइलचा मूळ सायलेन्सर काढून हलका, कर्कश सायलेन्सर बसवणारे चालक म्हणतात की, आवाज ही या यंत्राची परंपरा आहे आणि ध्वनिमर्यादा हे परक्यांनी लादलेले जोखड आहे. ही परंपरा किती जुनी आणि जोखड नेमके कोणी घातले, याचा शोध या धाग्यात. #इतिहास #धागा

२/ आरंभ क्वेबेकमधील व्हालकूर या गावी होतो. १९३४ च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या तरुण यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते आणि रुग्णालय गाठण्याचे साधन नव्हते. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्दिए आधीपासून करत होता; त्या मृत्यूनंतर त्या प्रयोगांना वेगळेच गांभीर्य आले.

३/ १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात आसनी बर्फगाडी तयार झाली. या गाड्यांतून पुढे डॉक्टर गेले, टपाल गेले, शाळकरी मुले गेली. एकट्यादुकट्याने चालवायची छोटी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये आली. परंपरेचाच दाखला द्यायचा तर या यंत्राची परंपरा निकडीची आहे. गर्जनेचा तिथे मागमूस नाही.

४/ गर्जना आली ती साठच्या दशकात. स्नोमोबाइल खेळणे बनली, शंभराहून अधिक कारखाने बाजारात उतरले आणि १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील वार्षिक विक्री पाच लाखांच्या जवळ गेली. १९६९ पूर्वीच्या काही यंत्रांचा आवाज पन्नास फुटांवरून १०२ डेसिबलपर्यंत भरत असे. हिवाळी शांतता हीच ज्यांची मिळकत होती, त्या गावांची झोप उडाली.

५/ प्रतिक्रिया उमटणारच होती. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कार्यकारी आदेश ११६४४ काढला. सार्वजनिक जमिनींवर अशी वाहने कुठे चालतील हे ठरवताना आवाजाचाही विचार करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी संघराज्याचा ध्वनिनियंत्रण कायदा झाला. राज्येही आपापले नियम करू लागली.

६/ आता ‘परक्यांनी लादलेले जोखड’ हा आरोप तपासू. १९७४ मध्ये स्नोमोबाइल उद्योगानेच सुरक्षा व प्रमाणन समिती उभी केली. १ फेब्रुवारी १९७५ पासून प्रमाणित यंत्रांना पूर्ण वेगात, पन्नास फुटांवर ७८ डेसिबलची मर्यादा लागू झाली. जनमताचा रेटा होता, हे खरे. पण या आकड्यावर सही करणारे हात यंत्र बनवणाऱ्यांचेच होते.

७/ १०२ आणि ७८ यांतला फरक वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही. डेसिबल हे लॉगरिदमी माप आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते. २४ डेसिबलची घट म्हणजे शक्ती सुमारे अडीचशे पटींनी कमी. जुन्या एका यंत्राच्या गोंगाटाला नव्या अडीचशे यंत्रांची फौज लागावी, असा हा हिशेब आहे.

८/ कालगणनाही बोलकी आहे. ‘स्की-डू’ ते ७८ डेसिबल, म्हणजे १९५९ ते १९७५ : बेबंद आवाजाचे युग जेमतेम सोळा वर्षांचे. त्यानंतरचे मर्यादेचे युग त्याच्या तिप्पट लांबीचे. तेव्हा परंपरा म्हणायचीच असेल, तर ती सायलेन्सरची म्हणावी लागेल. बदललेला सायलेन्सर परंपरा जपत नाही. तो तिची मोडतोड करतो.

९/ दुसरी दंतकथा : आवाज म्हणजे ताकद. हिचे उत्तर पूर्व जर्मनीत आहे. तेथील एमझेड कारखान्यातील अभियंता वाल्टर काडेन याने पन्नाशीच्या दशकात टू-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपला शास्त्रीय आकार दिला. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. भारतीय वाचकांनी राजदूत किंवा आरएक्स १०० पाहिली असेल, तर टू-स्ट्रोकचा स्वभाव त्यांना ठाऊक आहे.

१०/ टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर पडताना थोडे ताजे मिश्रणही निसटते. काडेनच्या पाइपमध्ये रुंदावत जाणारा भाग आधी शोषण निर्माण करतो. मग अरुंद होत जाणाऱ्या भागावरून दाबाची लाट परत फिरते आणि निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत एमझेडचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले होते.

११/ त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि सोबत हे ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीवर जिंकले. पुढे स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोक इंजिनांनीही पाइपचे हेच तत्त्व स्वीकारले.

१२/ या कथेचा मुद्दा असा की, ताकद फुगीर पाइपमध्ये परतणाऱ्या लाटेतून येते. सायलेन्सर त्या पाइपच्या पुढे जोडलेला स्वतंत्र भाग आहे. तो बदलल्याने काही किलो वजन घटते, क्वचित थोडी अश्वशक्तीही वाढते. हे नाकारण्याचे कारण नाही. पण कानठळ्या बसवणारा आवाज म्हणजे मिळालेली ताकद नव्हे. तो केवळ न अडवलेला ध्वनी आहे.

१३/ ‘आवाजामुळे समोरच्याला चाहूल लागते, म्हणून तो सुरक्षित’ हाही एक युक्तिवाद. समोरचा चालक हेल्मेट घालून स्वतःच्याच धडधडणाऱ्या इंजिनामागे बसलेला असतो. त्याला चाहूल लागेल की नाही, याची शाश्वती नाही. ट्रेलपासून दूर घरात झोपलेल्या माणसाला मात्र ती हमखास लागते.

१४/ आणि तो झोपलेला माणूस गौण नाही. विस्कॉन्सिन किंवा व्हरमाँटमधील ट्रेलचे जाळे बहुतांशी खासगी जमिनींवरून जाते. स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक शेतकऱ्यांच्या दारी जाऊन परवानगी मिळवतात. ही परवानगी हक्क नसून सौजन्य असते. एका जमीनमालकाने नकार दिला की, ट्रेल मधोमध तुटतो. गोंगाट एक जण करतो. वाट सगळ्यांची बंद होते.

१५/ सौजन्य संपले की काय होते, हे क्वेबेकने पाहिले. लॉरेन्शियन टेकड्यांतील ‘पती त्रँ द्यू नोर’ हा बंद पडलेला रेल्वेमार्ग नव्वदच्या दशकात सार्वजनिक वाट बनला. हिवाळ्यात त्याच्या काही भागांतून, घरांना खेटून, स्नोमोबाइल धावू लागल्या. रहिवाशांनी सामूहिक दावा लावला. नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयाने एका पट्ट्यात स्नोमोबाइलना मनाई केली आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला.

१६/ क्वेबेकच्या विधिमंडळाने २००६ मध्ये यावर उपाय काढला. काय उपाय? ठरावीक ट्रेलवरील आवाज आणि वास यांबद्दल दावा लावण्याचा नागरिकांचा हक्कच गोठवला. काही चालकांना हा विजय वाटतो. ज्या छंदाला टिकण्यासाठी शेजाऱ्याचे तोंड कायद्याने बंद करावे लागते, त्या छंदाचा तो पराभव आहे.

१७/ याच्या उलट उदाहरण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे. तिथल्या पश्चिम प्रवेशद्वारावर धूर इतका साचे की, २००२ च्या सुमारास रक्षकांना श्वसनमुखवटे देण्यात आले. २००१ मध्ये स्नोमोबाइल टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम झाला. मग खटले, स्थगित्या, नवे नियम, पुन्हा खटले. एक न्यायालय एकीकडे, दुसरे दुसरीकडे.

१८/ शेवटी तोडगा निघाला तो २०१३ च्या नियमाने : मर्यादित संख्या आणि स्वच्छ, शांत यंत्रे. २०१५ च्या हिवाळ्यापासून प्रवासी वेगात ६७ डेसिबलची अट आली. स्नोमोबाइल यलोस्टोनमध्ये आजही धावते. तिला तिथे ठेवण्यात वकिलांइतकाच फोर-स्ट्रोक इंजिनाच्या संयत आवाजाचा वाटा आहे.

१९/ दोष केवळ चालकांचा नाही. ७८ डेसिबलची चाचणी पन्नास फुटांवरून, मोकळ्या मैदानात, पूर्ण वेगात करायची. जंगलातल्या ट्रेलवर उभ्या अधिकाऱ्याला ती कशी जमावी? संघराज्याच्या ध्वनिनियंत्रण कार्यालयाचा निधी तर १९८२ मध्येच थांबला. नियम कागदावर राहिला आणि मोजपट्टी कुलपात. उभ्या यंत्राची सोपी चाचणी प्रमाणित व्हायला २००४ उजाडावे लागले.

२०/ त्या चाचणीची मर्यादा ८८ डेसिबल. ती मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांनी स्वीकारली. ‘७८ चे ८८ झाले, म्हणजे सवलत मिळाली’ असा कांगावा इथे होतो. ही चाचणी पन्नास फुटांवरून होत नाही. ती चार मीटरवरून, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर ठेवून होते. अंतर बदलले, स्थिती बदलली, म्हणून आकडा बदलला. कोपरखळी मारण्याआधी मापाचे एकक वाचावे.

२१/ उरते ती पळवाट. अनेक कर्कश सायलेन्सरांवर ‘केवळ बंदिस्त स्पर्धेसाठी’ असा शिक्का असतो आणि तेच ट्रेलवर सर्रास दिसतात. शर्यतीच्या मैदानात ते खुशाल गर्जोत. पण शिक्का मारून विक्रेत्याने हात झटकायचे आणि दंड केवळ चालकाने भरायचा, ही वाटणी न्याय्य नाही. मोजणी ट्रेलवर हवी आणि जबाबदारी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचायला हवी.

२२/ बर्फात अडकलेल्या घरांपर्यंत माणूस पोहोचावा, यासाठी हे यंत्र रुजले. आज तेच यंत्र त्या घरांतील माणसांना नकोसे होत असेल, तर दोष नियमांचा नाही. इतिहासाचा हवाला देणाऱ्यांनी तो १९६५ पासून नव्हे, १९३४ पासून वाचावा. (समाप्त)