ट्रॅक्टरची सीट आणि ड्रायव्हरची पाठ

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. वऱ्हाडच्या माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. चांगल्या रस्त्याने, चांगल्या सीटवर बसून जाणाऱ्या मोटारवाल्याच्या पोटातले पाणी हलत नाही. पण महामार्ग सोडून गाडी गावाच्या पाणंदीला लागली की चित्र बदलते. आणि मोटारीऐवजी ट्रॅक्टर असेल, तर पोटातले पाणीच काय, कमरेचा मणका न् मणका हलतो.

मोटार घेणारा माणूस आधी सीटवर बसून पाहतो. पाठीला टेकू बरोबर मिळतो का, पाय पुरतात का, लांबच्या प्रवासात कंबर धरेल का, हे विचारतो. तोच माणूस ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारतो, डिझेल किती खातो ते विचारतो, लिफ्ट किती उचलते ते विचारतो. सीटबद्दल एक अक्षर विचारत नाही. खरे तर मोटारीत आपण आठवड्यातून दोन-चार तास बसतो आणि नांगरटीच्या, पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टरवर माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेला असतो. अकोट-तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत कोणत्याही गावात ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला कमरेचे विचारा. उत्तर ठरलेले. ‘हे तं चालतेच बाप्पा, ट्रॅक्टर म्हटला की कंबर धरणारच!’

हे ‘चालतेच’ आता चालू देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

धक्का कमरेत का जातो ते आधी समजून घेऊ. मोटारीच्या चारही चाकांना स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना मागच्या चाकांवर असे काही नसते. मागचा ॲक्सल सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो आणि ड्रायव्हर जवळपास त्याच्यावरच बसतो. चाक ढेकळावरून गेले किंवा धुरा ओलांडला की तो धक्का आणि माणसाची कंबर यांच्यामध्ये दोनच गोष्टी असतात : टायरमधली हवा आणि बुडाखालची सीट. त्यात उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यातली काळी जमीन भेगाळलेली, ढेकळे दगडासारखी.

दुसरी गोष्ट शरीराची. पाळण्याला नेमक्या वेळी हात लावला की थोड्या जोरात तो उंच जातो. बसलेल्या माणसाच्या धडाचेही तसेच आहे. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वरखाली होणारे धक्के धडाला सर्वांत जास्त हलवतात आणि ट्रॅक्टरचे हेलकावे याच्याच आसपासचे असतात. मणक्यांच्या मधल्या गाद्या दबतात, सुटतात, पुन्हा दबतात. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळतात आणि संध्याकाळपर्यंत थकून जातात. त्यात ड्रायव्हर सरळ बसलेला नसतोच. मागे रोटावेटर कसा चालला, तास सरळ पडते की नाही, हे पाहायला तो दिवसभर मान आणि कंबर पिळून मागे वळतो. धक्का आणि पीळ एकत्र आले की कंबर लवकर जाते.

हे आमच्या मनचे नाही. इटलीतल्या संशोधकांनी १९९४ साली १,१५५ ट्रॅक्टरचालक आणि २२० कार्यालयीन कर्मचारी यांची तुलना प्रसिद्ध केली. कंबरदुखी ट्रॅक्टरचालकांत जास्त आढळली आणि धक्के व वेडेवाकडे बसणे जसे वाढले तशी ती वाढत गेली. जर्मनीने १९९३ पासून, वर्षानुवर्षे असे धक्के खाऊन होणाऱ्या कमरेच्या मणक्याच्या विकाराला व्यवसायजन्य आजारांच्या यादीत जागा दिली. युरोपीय संघाने २००२ साली नियम केला. आठ तासांच्या दिवसाला धक्क्याचा जोर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या वर गेला तर मालकाने तो कमी करण्याची तजवीज करायची आणि १.१५ ही हद्द ओलांडायचीच नाही. या हिशोबात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. धक्का दुप्पट झाला, तर बसण्याची मुभा अर्धी होत नाही, पाव होते. खराब पाणंदीवरून रिकामी ट्रॉली भरधाव पळवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्या एका तासात तो चार तासांची झीज करून घेत असतो.

कोणी म्हणेल, आमचे बाप-आजे जन्मभर बंडीत बसले, त्यांना कोठे काय झाले? बंडीला तरी कुठे स्प्रिंग होती? प्रश्न रास्त आहे. पण बंडी चालायची माणसाच्या चालीने. धुरकरी बसायचा कुटाराच्या नाही तर गोणपाटाच्या जाड थरावर. चढ आला, चिखल आला, की खाली उतरून बैलांसोबत चालायचा. वखर असो, डवरा असो, माणूस दिवसभर मागे चालत असायचा. पाय थकत, पण कंबर मोकळी राही. ट्रॅक्टरने चालणे संपवले आणि बसणे वाढवले. कष्ट गेले असे नाही, त्यांनी फक्त जागा बदलली.

आता मुख्य मुद्दा. ट्रॅक्टर एकाचा असतो आणि पाठ दुसऱ्याची. पुष्कळ गावांत मालक स्वतः चालवत नाही, चालवणारा रोजाने किंवा महिन्याने ठेवलेला पोरगा असतो. इंजिन ऑइल कधी बदलायचे, फिल्टर कधी साफ करायचा, याचा हिशोब मालक ठेवतो, कारण इंजिन बसले तर खर्च त्याचा. सीटची स्प्रिंग तुटली तर मात्र खर्च ड्रायव्हरच्या कमरेतून जातो, म्हणून सीट दुरुस्तीला कोणाला घाई नसते. त्यात नांगरटीचे भाडे एकराच्या हिशोबाने. जास्त एकर व्हावे म्हणून ट्रॅक्टर पळवायचा आणि रात्रीही चालवायचा. पंचवीस वर्षांचा पोरगा हे सोसतो. चाळिशीत त्याच्याने ना ट्रॅक्टर होत, ना दुसरे अंगमेहनतीचे काम. तेव्हा त्याला विचारणारे कोणी नसते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राबवली गेली. तीत शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूस २ लाख रुपयांची मदत ठरली आणि अपघाताने आलेल्या अपंगत्वासाठीही तरतूद झाली. पण ती अपघाताची योजना आहे. रोज थोडी थोडी झिजणारी पाठ अपघातात मोडत नाही.

म्हणून उपाय आधी आपल्याच हातात आहेत, आणि ते फार खर्चाचेही नाहीत.

पहिले, सीट तपासा. स्प्रिंग, बुश, शॉकॲब्सॉर्बर हे ट्रॅक्टरचे भाग आहेत, सर्व्हिसिंगमध्ये त्यांनाही धरा. पुष्कळ सीटांना ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे फिरवायचा दांडा किंवा नॉब असतो. तो एकदा जाम झाला की कोणी हात लावत नाही. जड माणसासाठी आवळलेल्या सीटवर हलका पोरगा बसला तर सीट हलतच नाही, सगळा धक्का त्याला. सैल सीटवर जड माणूस बसला तर ती खाली आपटते. ग्रीस लावा, मोकळा करा आणि ड्रायव्हर बदलला की बदला. सीट पुढे-मागे अशी लावा, की पाठ टेकलेली असताना क्लच पूर्ण दाबता आला पाहिजे. फाटलेल्या गादीवर पोत्यांच्या घड्या रचण्याची रीत सोडा. त्याने माणूस उंच होतो, पाठीचा टेकू कमरेच्या खाली जातो आणि पाय लोंबकळतात. गादी नवी भरून घ्या. कमरेच्या खळग्यात टेकू हवा असेल तर खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून मागे ठेवा, तेवढ्यानेही फरक पडतो.

दुसरे, टायर आणि वेग. टायरमधली हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवा. रस्त्यावर ट्रॉली ओढताना लागणारी हवा आणि शेतात लागणारी हवा एक नसते. गच्च भरलेला टायर शेतात चेंडूसारखा उसळतो. खराब वाटेवर एक गिअर खाली चाला. घरी पोचायला दहा मिनिटे जास्त लागतील, कंबर दहा वर्षे जास्त टिकेल. आरसे लावून घ्या, म्हणजे दर वेळी वळून पाहावे लागणार नाही.

तिसरे, उतरा. दर तासाला ट्रॅक्टर थांबवून पाच मिनिटे खाली चाला. उतरताना उडी मारू नका, पायरीवर पाय ठेवून उतरा. आणि ड्रायव्हर उतरल्याबरोबर त्यालाच खताचे पोते उचलायला लावू नका. युरियाचे पोते ४५ किलोचे, डीएपीचे ५० किलोचे. तासन्‌तास धक्के खाल्लेल्या कमरेने वाकून एवढे वजन उचलणे म्हणजे दुखण्याला बोलावणे धाडणे होय. थोडा वेळ चालू द्या, मग दोघांनी मिळून उचला.

ट्रॅक्टरवर सीट एकच असते, तेव्हा माणूसही एकच बसावा. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाया आणि लहान पोरे मडगार्डवर बसलेली आपण रोज पाहतो. धक्का तर त्यांना बसतोच, पण एका खड्ड्यात तोल गेला की मागच्या चाकाखाली जीव जातो.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांना एक सूचना. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून आहे. तिच्या चाचणी अहवालात ओढशक्ती आणि डिझेलसोबत ड्रायव्हरच्या कानाशी होणारा आवाज आणि ट्रॅक्टरच्या निरनिराळ्या भागांची थरथरही मोजलेली असते. थरथर जास्त असेल तर अहवाल तसे नोंदवतो. डीलरकडे हा अहवाल मागा. सीटवर पाच मिनिटे बसा, नॉब फिरवून पाहा. ज्या ड्रायव्हरला चालवायचा आहे त्यालाही सोबत न्या. दहा गिऱ्हाइकांनी सीटचे विचारले तर अकराव्या वेळी कंपनीच सीटचे सांगू लागेल.

दुखणे लागलेच असेल तर त्याला वेळेवर ओळखा. थकव्याची कंबर दोन-चार दिवस आराम आणि शेक घेतल्याने सहसा मोकळी होते. रोज रात्री दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाण्याची सवय वाईट, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. श्रद्धेचा भाग असेल, पण कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर पाठीवर कोणाचाही पाय किंवा जोर पडू देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचे होते.

आता गावच्या कारभाऱ्यांकडे वळू. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांच्या हातात सीट नाही, पण वाट आहे. पाणंद खराब असली तर चांगली सीटही हरते. रोजगार हमीच्या जोडीने शेतरस्ते करण्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली आली. काही गावांनी त्यातून वाटा करून घेतल्या, काही गावे अतिक्रमणाच्या वादात अडकून राहिली. खारपाणपट्ट्यात मुरूम जवळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तरी पावसाळ्याआधी मोठे खड्डे भरणे आणि बाजूच्या नाल्या मोकळ्या करणे एवढे गावाने ठरवले तर होण्यासारखे आहे.

अवजार बँक किंवा भाड्याचे केंद्र चालवणाऱ्या गटांनी तर याची सुरुवातच करावी. गटाच्या वहीत जिथे डिझेल आणि ऑइलची नोंद होते, तिथेच सीटच्या तपासणीचा एक रकाना आखावा. एका ड्रायव्हरने दिवसाला किती तास बसायचे ते ठरावात लिहावे. हंगामात दोन ड्रायव्हर आळीपाळीने ठेवावेत. आपल्या अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. विद्यापीठाच्या शिवारफेरीला वाण आणि यंत्रे पाहायला शेतकरी हजारोंनी जातात. तिथे सीट कशी लावावी, हे ट्रॅक्टरवर बसवून दाखवणारा एक कोपरा असावा, अशी आमची विनंती आहे. कृषी खात्याच्या गावबैठकीतही हा विषय पाच मिनिटांत सांगून होतो.

बैल थकला तर आपण त्याचे जू उतरवतो, खांदा सुजला तर हळद-तेल लावतो आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदमळणी करतो. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाला सण नको, एक धड सीट हवी आहे. नांगरटी सुरू होण्याआधी प्रत्येक मालकाने आपल्या ट्रॅक्टरवर एक तास स्वतः बसून पाहावे. त्या एका तासात कंबर जे सांगेल, ते ऐकून सीट दुरुस्तीला टाकावी.