गिरणगाव आणि एक शब्द

लोअर परळात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, इथे आधी काय होतं? "मिल्स होत्या ना," एवढं उत्तर येतं. जणू डायनासोर होते, मेले. चला आता, लंचला कुठे जायचं?

मला हे 'मेले' पटत नाही.

संपाने गिरण्या संपल्या, हा आपला सगळ्यांचा लाडका सिद्धांत. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार वगैरे वगैरे. मान्य. पण संपामुळे गेलं ते कापड आणि रोजगार. जमीन कुठे गेली होती? ती तिथेच होती, सुमारे ६०० एकर, ऐन शहराच्या मधोमध!

१९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. जमीन विकसित करा, पण तीन वाटे पाडा. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. वाईट सौदा नव्हता. १९९६ साली चार्ल्स कोरिया समितीने सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करायलाही सुचवलं होतं. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटे 'मोकळ्या' जमिनीचेच पडतील, बांधकामाखालच्या नाहीत. आता सांगा, शेडनी गच्च भरलेल्या गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये एक शब्द घुसवून अख्ख्या प्रोजेक्टचं वाटोळं कसं करतात, हे आपल्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अडवलं, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल वैध ठरवला. खेळ खलास.

चाळींबद्दल गहिवर वगैरे मला येत नाही. सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहावं लागलं नाही, त्यांनी खुशाल गहिवरावं. पण पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारी कोकणातली, घाटावरची माणसं आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका, ही एक चालती व्यवस्था होती. त्याच बायकांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. नव्या टॉवरमध्ये घर मिळालं तरी मेंटेनन्स झेपत नाही. मग घर विकून डोंबिवली नाहीतर विरार.

बरं, जे आलं ते तरी नीट? हजारो ऑफिसं आली, पूल मात्र तोच अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. बरोब्बर तीन महिन्यांनी कमला मिल आवारात, गच्चीवरच्या पबच्या आगीत १४. (त्या आवारांत धुराडी मात्र शोभेला राखतात हं!)

आणि कामगारांची घरं? त्यांच्यासाठी आता शेलू-वांगणीची नावं घेतात. बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले होते ते ह्याचसाठी, की घर द्यायचं तर मुंबईत द्या.