तीस नाणी आणि चर्चची तिजोरी

नोव्हेंबर २०२४मधल्या एका रविवारी केनियाचे अध्यक्ष विल्यम रुटो नैरोबीतल्या सोवेटो कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेला गेले आणि देणग्या देऊन आले. धर्मगुरूंच्या निवासासाठी २० लाख शिलिंग, गायकवृंद व पॅरिश कौन्सिलसाठी ६ लाख. शिवाय आणखी ३० लाख आणि एका बसचे आश्वासन. दुसऱ्याच दिवशी आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी पत्रक काढले. मिळालेले पैसे परत करू, पुढचे घेणार नाही, बसही नको.

काही दिवस आधीच तिथल्या बिशपांनी सरकारच्या भ्रष्टाचारावर आणि खोट्या आश्वासनांवर उघड टीका केली होती. पण मला टीकेपेक्षा परत केलेले पैसे महत्त्वाचे वाटतात. टीका कोणीही करतो.

ही बातमी वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ लाजही वाटली. मी वसईचा, कॅथलिक घरातला. एका चर्चच्या सणाला मी प्रवेशद्वारावरच स्थानिक नेत्याचा हसरा फ्लेक्स पाहिलेला आहे. वेदीवरून त्याचे आभार मानले गेले, टाळ्या झाल्या, त्यात माझ्याही होत्या. हॉलच्या भिंतीवर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. त्याचा पैसा कुठून आला, हे आम्ही कोणी विचारले नाही.

देणगी घेतली म्हणून धर्मगुरू लगेच विकला जात नाही. त्याचे प्रवचन तेवढे बदलते. लोभ, मत्सर, मोबाइलचे व्यसन यांवर तो बोलत राहतो. पाणथळ जमिनीवर रातोरात पडणारा मातीचा भराव मात्र प्रवचनात येत नाही. पाप सगळे खासगी होते आणि सार्वजनिक पाप ‘राजकारण’ ठरते.

याची किंमत कोण मोजतो? नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५मध्ये विरारची अनधिकृत रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे मेली. अशा इमारती कोणीतरी डोळे मिटल्याशिवाय उभ्या राहत नाहीत. हे राजकारण असेल, तर ‘खून करू नको’ ही आज्ञाही राजकारणच म्हणायला हवी.

शुभवर्तमानात याबद्दल संदिग्धता नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना उपास सांगितला नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, असे सांगितले. जक्कयाने येशूचे घरी स्वागत केले. पण त्याच्या पश्चात्तापाची खूण मेजवानी नव्हती. ज्यांना लुबाडले, त्यांना चौपट परत देण्याचा शब्द ही ती खूण होती. त्याने मंदिराला हॉल बांधून दिला नाही. आणि यहूदाने तीस नाणी फेकली, तेव्हा येशूच्या जिवावर उठलेल्या मुख्य याजकांनीसुद्धा ती मंदिराच्या तिजोरीत टाकली नाहीत. रक्ताचे मोल तिजोरीत चालत नाही, एवढे भान त्यांना होते. आमच्या तिजोरीला ते भान कधी येणार?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. केनियात ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, आपण मूठभर. शाळा, संस्था, परवानग्या सगळ्यांवर नजर असते. नेत्यांशी संबंध राखावेच लागतात. ही भीती मीही ओळखतो. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो अल्पसंख्याकच होते. हरित वसईच्या लढ्यात त्यांनी जमीनमाफियांना आणि त्यांच्या राजकीय पाठीराख्यांना आव्हान दिले, तेव्हा हिंदू शेतकरीही त्यांच्याबरोबर उभे राहिले. पाणी आणि जमीन सगळ्यांचीच होती. त्यांना बळ मिळाले ते लोकांकडून. जुलै २०२४मध्ये ते गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आपला फोटो छापणे सोपे आहे. त्यांच्यासारखे नाही म्हणणे अवघड.

दुसरा आक्षेप चर्चच्या स्वतःच्या हिशेबाचा. डिसेंबर २०२३मध्ये व्हॅटिकनच्याच न्यायालयाने कार्डिनल अँजेलो बेच्चू यांना आर्थिक गैरव्यवहारासाठी साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी अपील केले. घरात हे असताना बाहेर कोणत्या तोंडाने बोलायचे? म्हणूनच सुरुवात घरातून करायची. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक ओळ बदलली तरी कोणी, कधी, का बदलली याची नोंद राहते आणि ती टीममधल्या कोणालाही पाहता येते. त्यात कोणाचा अपमान होत नाही. मग प्रत्येक पॅरिशच्या फलकावर दरवर्षी मोठ्या देणगीदारांची नावे, रक्कम आणि खर्च का लागू नये?

माझ्या मागण्या तीनच. पदावरच्या किंवा निवडणूक लढवणाऱ्या माणसाची देणगी चर्चने घेऊ नये. वेदीवरून त्याचे आभार मानू नयेत. हिशेब दारावर लावावा.

केनियातही प्रश्न संपलेला नाही. मार्च २०२५मध्ये रुटोंनी दुसऱ्या एका चर्चला २ कोटी शिलिंग जाहीर केले आणि त्याविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. आम्ही रस्त्यावर उतरण्याची गरज नाही. पुढच्या सणाला टाळी वाजवायची नाही, आणि मिस्सा संपल्यावर फादरांना नम्रपणे विचारायचे: फादर, हा पैसा कुठला?

मी विचारणार आहे.