तोतयांचे नवे बंड

पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ साली, सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने कोकणात बंड माजविले. त्याचे सारे बळ भाऊसाहेबांच्या नावात होते. आज मोबाईल कंपनीच्या नावाने येणाऱ्या तोतया ई-मेलांचे बळही असेच उसने आहे. ‘आपले बिल थकले आहे’, ‘चोवीस तासांत सिमकार्ड बंद होईल, खालील लिंकवर माहिती भरा’, असा दरडावणीचा मजकूर, वर कंपनीचे हुबेहूब बोधचिन्ह! भल्याभल्यांची मती गुंग व्हावी, यात नवल ते काय?

हा प्रश्न केवळ एका सिमकार्डाचा नाही. बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात, तो क्रमांक म्हणजे तिजोरीची किल्ली होय. भोळ्या ग्राहकाकडून सांकेतिक अंक काढून घेऊन चोर तोच क्रमांक आपल्या ई-सिमवर उतरवून घेतो. इकडे फोन मुका होतो आणि तिकडे आयुष्याची पुंजी लुटली जाते.

यावर उपाय कोणता? पत्राने दाखविलेल्या वाटेने जाऊ नये, हाच! त्यातील लिंक दाबू नये, त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. शंका आल्यास कंपनीचे अधिकृत ॲप स्वतः उघडून पाहावे, किंवा गावातील तिच्या दुकानात जावे. पाठविणाऱ्याचे नाव कोणालाही धारण करता येते. म्हणून ‘ॲट’ या चिन्हापुढील पत्ता न्याहाळावा. तो खरा दिसला तरी ओटीपी वा पिन कोणालाही देऊ नये. संशयास्पद फोन, एसएमएस व व्हॉट्सॲप संदेश कळविण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२४ साली ‘संचार साथी’वर ‘चक्षु’ ही सोय केली; तोतया ई-मेलची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करावी.

आणि फसवणूक झालीच तर? तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बेळगावकरांना शहरातील सी. ई. एन. पोलीस ठाण्याचे दारही मोकळे आहे. फोन अकस्मात मुका झाला असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला कळवून सिम बंद करवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान तक्रार करीपर्यंत ग्राहकाच्या माथी मारले, तक्रारीनंतरचे बँकेच्या. तक्रारीच्या घटकेचे मोल यावरून ओळखावे!

परंतु आमचे लोक गप्प बसतात. ‘शिकलासवरलेला माणूस फसला’, असे चारचौघांत म्हटले जाईल, या लाजेने घरच्यांपासूनही गोष्ट दडविली जाते. ही लाज चोराची सर्वांत मोठी साथीदार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीने अशा तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. गुन्हेगार तो आहे, फसलेला नव्हे! ज्याला असे पत्र येईल, त्याने ते शेजाऱ्याला दाखवावे; ज्याचे पैसे गेले असतील, त्याने उघड बोलावे. तोतयाचे बिंग गावाने एकदा ओळखले, की त्याचे उसने नाव त्याच्या कामी येत नाही.