सेलचा रंग पाहू नका, अक्षरे वाचा



आपल्या वऱ्हाडात विजेरीलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटातल्या घटाला सेल. शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की हरभऱ्याला ओलित करायला निघालेला माणूस हीच बॅटरी घेऊन धुऱ्याने चालतो. मण्यारही रात्रीच हिंडते. अशा वेळी उजेड पिवळा पडून विझला, तर सेल स्वस्तात मिळाला होता या समाधानाचा काय उपयोग? म्हणून कोणता सेल कोठे घालावा, हा प्रश्न दुकानदारावर सोपवू नये असे माझे मत आहे.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात सेल मागा. साधा, 'हेवी ड्यूटी' आणि बराच महाग असा अल्कली सेल तुमच्यासमोर येईल. वेष्टनावरचे सोनेरी पट्टे आणि विजेच्या लोळांची चित्रे क्षणभर विसरा आणि बारीक अक्षरांतला संकेत शोधा. नुसते 'आर' असेल तर तो जस्त-कर्ब घट. 'एलआर' म्हणजे अल्कली, 'एफआर' म्हणजे लिथियम. पुढचा आकडा आकाराचा : २० म्हणजे विजेरीतला मोठा सेल, ६ म्हणजे पेन्सिल सेल, ०३ म्हणजे त्याहून बारीक. आता 'हेवी ड्यूटी'वाला सेल पाहा. त्यावरही बहुधा नुसते 'आर'च सापडेल! तो जस्त-कर्ब घटच असतो. त्यात नवसागराऐवजी मुख्यतः झिंक क्लोराइड वापरलेले असते, एवढेच. साध्यापेक्षा तो बरा, पण नावावरून वाटतो तेवढा दमदार नव्हे.

सगळ्यांचा दाब दीड व्होल्टच. मग फरक कशात? जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली बनवलेल्या घटाचा जस्त-कर्ब सेल हा वंशज आहे. त्यात जस्ताचा डबा हेच ऋण अग्र असते, मध्ये कर्बाची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. (या भुकटीसाठी लागणारे खनिज फार दूरचे नाही, आपल्या विदर्भातच, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून ते निघते.) प्रवाह देताना डबाच झिजत जातो आणि शेवटी त्याला भोके पडून सेल पाझरतो. अल्कली सेलमध्येही जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडच असतात. पण जस्त भुकटीच्या रूपात असल्याने त्याचा पृष्ठभाग खूप मोठा होतो, आणि नवसागराच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. त्यामुळे आतला विरोध कमी राहतो आणि जास्त प्रवाह ओढला तरी दाब लवकर ढासळत नाही.

सारी मेख या प्रवाहात आहे. भिंतीवरचे घड्याळ इतका थोडा प्रवाह घेते, की साध्या सेलवर ते वर्षभर चालते. त्यात महाग सेल घालणे ही मला उधळपट्टी वाटते. दोन सेलच्या जुन्या विजेरीचा दिवा मात्र सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह ओढतो. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रातला पंप सुरू झाला, की थकलेला साधा सेल मान टाकतो. मेळघाटात वाघांच्या नोंदीसाठी झाडांना बांधतात त्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचा विचार करा. त्यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांत पेन्सिल सेल असतात, आणि सेल बदलायला रोज कोण जाणार? तेथे आणि रात्रीच्या ओलिताला अल्कली सेलचे पैसे मी बिनतक्रार मोजीन. लिथियम सेल वजनाला हलका आणि कडाक्याच्या थंडीतही टिकणारा. हिमालयात जाणाऱ्याला त्याचे मोल. आपल्या चिखलदऱ्याच्या थंडीसाठी तेवढा खर्च नको. आणि एखादे साधन रोजच तासन्‌तास वापरायचे असेल, तर फेकून द्यायचे सेल घेऊच नयेत. पुन्हा भारित होणारे घ्यावेत.

आता एका जुन्या सवयीबद्दल. सेल मंदावले, की ते उन्हात ठेवायचे, हे तुम्ही घरी पाहिले असेल. साधा सेल त्याने थोडा वेळ पुन्हा पेटतो, हे खरे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते. पण नवी ऊर्जा त्यात आलेली नसते, आणि झिजलेला डबा पाझरण्याची भीती वाढते. अल्कली किंवा लिथियम सेल तर कधीही तापवू नका, फोडूही नका. प्रयोगासाठी कर्बाची कांडी हवी म्हणून सेल फोडणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे : अल्कली सेलमध्ये ती कांडी नसते, कातडी भाजणारे द्रव्य मात्र असते.

माझे म्हणणे तसेच्या तसे मान्य करू नका. शिक्षकांच्या मदतीने दोन सारख्या विजेऱ्या घ्या. दोन्हींत दिवाही एकाच प्रकारचा हवा. एकीत साधे सेल घाला, दुसरीत अल्कली. रोज संध्याकाळी अर्धा तास दोन्ही पेटवा आणि उजेड वाचण्याइतका उरला नाही, तो दिवस लिहून ठेवा. सेलच्या किमतीला एकूण तासांनी भागा, म्हणजे एका तासाच्या उजेडाचा भाव निघेल. मग नवे सेल घालून विजेऱ्या सतत पेटत्या ठेवा. साध्या सेलला विश्रांती मिळाली नाही, की हा भाव किती चढतो ते दिसेल. हाच प्रयोग जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, पुन्हा करा. मे महिन्यासाठी घेतलेले सेल आधी काही आठवडे पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पडू द्या आणि तेथले तापमान रोज वहीत टिपा.